तपासणीचा कागद

एकोणीसशे नव्व्याण्णव साल. दिवाळी होऊन आठ दिवस झाले होते. तेव्हा गेवराईत रक्त तपासायची एकच खासगी खोली होती, मोंढ्याच्या कोपऱ्यावर, उत्तरेश्वरची. तिथल्या बाकावर कावेरी कोपराच्या घडीत कापूस दाबून बसली होती. तिला चौथा महिना लागला होता.

शेजारी सासूबाई, शिवगंगा. कपाळावर विभूती, मांडीवर पिशवी. दीर वीरेश दारात उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांना हात करत होता. चोवीस वर्षांचा, बुटका, बसक्या नाकाचा, डोळे बारीक आणि तिरके. सकाळी दवाखान्यात नव्या डॉक्टरीणबाईंनी त्याला पाहिलं, तो कोण ते विचारलं आणि मग कावेरीला म्हणाल्या, “बाळाला असा काही त्रास आहे का, त्याचा अंदाज देणारी रक्ताची तपासणी निघाली आहे. सरकारी दवाखान्यात होत नाही. बळजबरी नाही, तुम्ही ठरवा.”

“करा,” कावेरी म्हणाली होती. तेव्हा तिने वीरेशकडे पाठ केली होती.

“ह्यात पोरगा का पोरगी ते कळत न्हाई,” उत्तरेश्वर बाटलीवर चिठ्ठी चिकटवत म्हणाला. “आधीच सांगतो. मागनं भांडायला येतेत लोक.”

“कोण इचारायलंय तुला?” शिवगंगा म्हणाली.

त्याने मुंबईला पाठवायचा कागद पुढे ओढला. नाव लिहिलं, वय लिहिलं. मग मान वर न करता विचारलं, “घरात कुणी जल्मापासून मंद, असं?”

“न्हाई,” शिवगंगा म्हणाली.

पेन थांबलं.

“वीरेशला दोन वर्षांचा असताना ताप आलता. डोक्यात गेला. सगळ्या गावाला ठाव हाय. न्हाई लिव्ह.”

कावेरीलाही लग्नाआधी हेच सांगितलं होतं. येत्या रविवारी नणंदेला, रोहिणीला, बघायला आष्टीची माणसं येणार होती. उत्तरेश्वरची सासुरवाडी आष्टीचीच; इथली गोष्ट तिथे पोचायला वेळ लागत नव्हता.

“वैनी,” उत्तरेश्वर हळू आवाजात म्हणाला, “तिकडचे डॉक्टर हे वाचूनच अंदाज काढतेत. तुमी सांगा.”

दारात वीरेश एका टेम्पोवाल्याला सलाम ठोकत होता. टेम्पोवाल्यानेही ठोकला.

“आत्याबाई म्हणतेत तसंच लिवा,” कावेरी म्हणाली.

उत्तरेश्वरने बाटली बर्फाच्या डब्यात ठेवली, कागद प्लॅस्टिकमध्ये घालून झाकणाला बांधला. डबा एसटीने औरंगाबादला जायचा, तिथून पुढे मुंबईला.

“औरंगाबादची गाडी पावणेबाराला,” वीरेश म्हणाला. त्याला घड्याळ कळत नव्हतं, गाड्या कळत होत्या. डबा त्यानेच घेतला. दोन्ही हातांनी छातीशी धरून, रस्त्यातल्या गाढवांनासुद्धा “सरका, सरका” म्हणत तो स्टँडवर आला; मागोमाग कावेरी आणि शिवगंगा.

“काय वीरेशशेठ, भजी हायत का डब्यात?” कंडक्टरने विचारलं.

“वैनीचं रक्त हाय. आडवं करू नका.”

खिडक्यांतल्या बायका वाकून बघू लागल्या. कावेरीने पदर पुढे ओढला.

“वैनी, ह्यानं काय कळतंय?” वीरेशने विचारलं.

“बाळ चांगलं हाय का, ते.”

वीरेश आईकडे वळला. “आई, माझ्या टायमाला पाठवलं हुतं का?”

“न्हाई रे. तवा असलं काय नव्हतं.”

“मग तुला कसं कळलं, मी चांगला हाय म्हणून?”

शिवगंगा त्याच्या शर्टाचं वरचं बटण लावू लागली. “कळलं. भिवराबाई सुईणीनं तुला माझ्या मांडीवर टाकलं, तवाच तुजं तोंड बघून सगळं कळलं.”

कावेरीने सासूकडे पाहिलं. म्हणजे ताप यायच्या आधीच. बटण कधीच लागलं होतं. शिवगंगाची बोटं तिथेच चाळा करत राहिली.

डबा कागदासकट कंडक्टरच्या सीटखाली गेला होता; त्यावरचं ‘न्हाई’ अजून खोडता आलं असतं. ड्रायव्हर अजून चहाच्या गाड्यावर उभा होता. कावेरी गाडीच्या दारापर्यंत गेली, एक पाय पायरीवर ठेवला.

“यायलाव का बाई?” कंडक्टरने विचारलं.

बायका बघत होत्या. मागे सासू उभी होती, तिच्या शेजारी वीरेश.

“न्हाई,” म्हणून कावेरीने पाय खाली घेतला.

पंधरा दिवसांनी मुंबईहून उत्तर आलं, काळजीचं कारण नाही. कावेरीचा नवरा बसवेश्वर याने आपल्या दुकानात पेढे वाटले. बाळंत होईपर्यंत कावेरीला त्या उत्तराचा भरवसा वाटला नाही, आणि कुणाला सांगायचं तोंडही नव्हतं. वैशाखात मुलगी झाली, धडधाकट. ती वीरेशच्याच कडेवर वाढली. आज पुण्यात नोकरी करते. उत्तरेश्वरची खोली दुमजली झाली. शिवगंगा दोन हजार सहा साली गेली. त्यानंतर चार वर्षांनी वीरेश गेला. लिंगायत रीतीने त्याला समाधीत बसवताना बसवेश्वर लहान मुलासारखा रडला. त्यानेही कधी काही विचारलं नाही, आणि दोघी सासू-सुना त्या दिवसाबद्दल एकमेकींशी कधी बोलल्या नाहीत.

रोहिणीचं आष्टीलाच जमलं. पुढे तिला दिवस गेले तेव्हा कुणी तिला तपासणीचं सुचवलं नाही. कावेरीनेही नाही. दुसरा मुलगा झाला तेव्हा त्याचे बारीक, तिरके डोळे बघून रोहिणीच्या सासरचे महिनाभर दवाखाने फिरले. मूळ आईच्या माहेरात असावं, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं.

पोर पाच वर्षांचं झाल्यावर रोहिणी त्याला घेऊन माहेरी आली होती. दुपारी ती आणि कावेरी शेंगा फोडत बसल्या होत्या.

“वैनी, तुमाला ठाव हुतं?” तिने विचारलं.

कावेरी शेंगा फोडत राहिली. सूप भरून दाणे जमिनीवर सांडायला लागले, तरी तिचे हात थांबले नाहीत.