कोऱ्या खोक्यातला काटा

चारकोपच्या आमच्या फ्लॅटमध्ये, पप्पांच्या खोलीत, जहाज किती कललंय ते दाखवणारा एक पितळी काटा भिंतीवर लावलेला आहे. पप्पा नौदलात होते. त्यांची विमानवाहू नौका भंगारात निघाली तेव्हा त्यांनी हा सुटा भाग विकत आणला. तो जहाजावर कधी बसवलाच नव्हता, कोऱ्या खोक्यात पडून होता.

"ह्या जातीच्या बोटी युद्धापुरत्या, तीन वर्षं टिकतील अशा आखलेल्या," पप्पा सांगतात. "आम्ही पस्तीस-छत्तीस वर्षं चालवली. एकीचे पार्ट काढून दुसरीला."

महिनाभर झाला, काटा हलतो. तेव्हापासून पप्पा झोपत नाहीत, त्याच्यावर नजर ठेवून बसतात. मी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. ओळंबा लावून पाहिला, भिंत सरळ आहे. डॉक्टर म्हणाले, काटा काढा, हे जागरण त्यांच्या हृदयाला झेपणार नाही.

आज दुपारी मी स्क्रूड्रायव्हर घेऊन गेले. काटा खिडकीकडे झुकून तसाच थांबला होता.

"ते राहू दे, ज्युलिया. इकडे माझ्या बाजूला बस, बाय."

"माझ्या वजनाने काय होणार, पप्पा?"

"बस तर खरी. बोट कलली की माणसं उलट्या बाजूला न्यायची."

मी खिडकीच्या समोरच्या भिंतीशी, त्यांच्या पलंगावर बसले. काटा जरासा मागे सरकला.

"अजून माणसं लागतील," पप्पा शांतपणे म्हणाले.

आमच्या वर फक्त गच्ची आहे, आणि तिला कुलूप असतं. तिथून पुष्कळ बुटांचा आवाज खिडकीकडून आमच्या बाजूला आला, आणि काटा सावकाश शून्यावर येऊन थांबला.