लेकरू दाखवा

पांढऱ्या गाडीतून उतरलेल्या बाईनं शालीत गुंडाळलेलं बाळ खांद्यावर घेतलं, आणि पंजाबरावांना तिथंच कळलं की शालीत बाळ नाही. उशी आहे.

बाळाच्या मानेखाली बाईचा हात नव्हता. दोन पोरी आणि चार नातवंडं खांद्यावर वाढवलेल्या माणसाला एवढंही कळू नये?

बडनेरा रोडवरच्या त्या सुपर बाजारात दाराला लागून गाड्यांच्या तीन जागा लेकुरवाळ्यांसाठी राखून ठेवल्या होत्या. पिवळे पट्टे, वर आई-बाळाचं चित्र. पण अमरावतीच्या माणसाला पाटी वाचता येते, वाचायची नसते. कोणी मिसरूड फुटलेल्या पोराला पुढं करून 'हे लेकरूच हाय' म्हणे, कोणी बाहुली घेऊन येई. उन्हात पन्नास पावलं चालायला नको म्हणून माणूस किती खाली उतरतो, ते पंजाबरावांनी रखवालदार झाल्यापासून रोज पाहिलं होतं.

पंधरा दिवसांपूर्वी जागा न मिळालेली एक खरी लेकुरवाळी दोन्ही काखांत पोरं घेऊन चालता चालता चक्कर येऊन पडली. त्या दिवशी मॅनेजर ओमप्रकाशनं सगळ्यांसमोर सुनावलं, की आणखी एक तक्रार आली तर घरी बसा. सूतगिरणी बंद पडल्यावर बासष्टाव्या वर्षी मिळालेली नोकरी. ही गेली तर दुसरी कोण देणार होतं?

तेव्हापासून पंजाबराव गाडीच्या काचेवर टकटक करून एकच वाक्य म्हणत, "लेकरू दाखवा, मंग लावा."

हीच पांढरी गाडी मागच्या रविवारी त्यांनी परत फिरवली होती. नवरा-बायको दोघंच होते. नवरा चिडला नाही, उलट हसला. पुढच्या वेळी लेकरू घेऊनच येतो मामा, म्हणाला. जाताना फाटकाजवळ थांबून पार्बताबाईकडून दोन फुगेही घेतले.

पार्बताबाई मेळघाटातल्या धारणीकडची. समोरच्या सिग्नलवर फुगे विकायची. तिची दीड वर्षाची नात पायल दुपारभर फाटकाजवळच्या चौकीत, पंजाबरावांच्या खुर्चीमागं, पुठ्ठ्याच्या खोक्यात झोपायची. जागी होऊन रस्त्यावर रांगत जाऊ नये म्हणून पार्बताबाई जुन्या लुगड्याची चिंधी एका टोकानं तिच्या पायाला बांधायची, दुसऱ्या टोकानं खुर्चीच्या पायाला. "लक्ष ठेवजा भाऊ," एवढं बोलून जायची. पंजाबराव चहात बुडवून पायलला बिस्कीट भरवत. आजच्या दुपारचंही भरवून झालं होतं.

आज मात्र त्यांनी त्या बाईला अडवलं नाही. जाऊ दे आत. परत येईल तेव्हा मॅनेजरसमोरच शाल उघडायची. एकदा असं भर बाजारात एकाला धरलं की बाकीचे आपोआप सुधारतात, आणि ओमप्रकाशचं तोंडही बंद होतं. खुर्ची सोडून ते दारापाशी पांढऱ्या गाडीला टेकून उभे राहिले. फाटक पाठीमागं राहिलं. नजर दारावर.

अर्ध्या तासानं नवरा एकटाच पिशव्या घेऊन बाहेर आला. तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटला, पंजाबरावांनाही दिला. ऊन किती तापून राहिलं, अकोल्यात तर याहून बेकार हाय, असं बराच वेळ बोलत राहिला. पोरगी तापली म्हणून बायको मागच्या दारानं औषधाच्या दुकानात गेली आहे, हेही सांगून टाकलं. पंजाबराव हं हं करत राहिले. बोल बेट्या, बोल.

बाई आली ती फाटकाकडून. खांद्यावर तीच शाल. आता मानेखाली हात होता. शिकली वाटतं, पंजाबराव मनात म्हणाले, आणि त्यांनी शिट्टी फुंकली.

ओमप्रकाश धावत आला. माणसं जमली. पंजाबरावांनी हात आडवा धरला. "साहेब, शालीत लेकरू नाही. उशी हाय."

बाईचा चेहरा पांढरा पडला. "ताप आहे तिला. आताच झोपलीय."

ओमप्रकाश घुटमळला. पंजाबराव घुटमळले नाहीत. त्यांनी शालीचं टोक ओढलं.

आतून एक इवलासा पाय बाहेर आला. उघडा, ऊबदार, टाच मातीनं काळी. बोटं हलली आणि पाय पुन्हा आत गेला.

मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय, ते पंजाबरावांना त्या क्षणी कळलं. आजारी लेकराच्या अंगावरचं पांघरूण ओढणारा हा कसला बुढा, असं कोणीतरी म्हणालं. बाई रडत होती. ओमप्रकाशनं त्यांना हात जोडायला लावले. त्यांनी जोडले. मान वर करवेना.

"जाऊ द्या," नवरा म्हणाला. "म्हातारं माणूस आहे."

हे ऐकून तर त्यांना भडभडून आलं. किती भला माणूस! त्यांनी स्वतः रस्त्यावर उतरून दोन्हीकडची रहदारी अडवली, शिट्टी वाजवली आणि गाडी अकोल्याच्या दिशेनं लावून दिली.

ओमप्रकाशनं शिट्टी काढून घेतली. उद्यापासून येऊ नका, एवढंच बोलला.

पंजाबराव डबा घ्यायला चौकीत गेले. उरलेले फुगे घेऊन पार्बताबाईही येत होती. उद्यापासून पोरीला कुठं ठेवशील बाई, हे तिला कसं विचारावं, तेच त्यांना सुचेना. खोक्यातल्या फडक्याकडं बघून ते हळू आवाजात म्हणाले, "झोपली हाय अजून."

पार्बताबाईनं खुर्चीच्या पायाची चिंधी सोडली आणि ओढली. ती सहज हातात आली. तिनं फडकं बाजूला केलं.

खोक्यात उशी होती.