उकंडा काकाजींचं घोरणं

केसांना तेल लावून येऊ नका असं फोनवर दोनदा सांगूनही उकंडा काकाजींचं डोकं चकचकत होतं. तपासणी करणाऱ्या दीपानं त्यांना पुन्हा डोकं धुवायला पाठवलं. तेलावर वायरी चिकटत नाहीत, आणि वायरी निघाल्या तर झोपेची अख्खी तपासणी पाण्यात.

कौसल्याकाकूंना ती पाण्यात जाऊ द्यायची नव्हती. नवरा घोरता घोरता मध्येच गप्प होतो, श्वासच थांबतो, आणि तो परत सुरू होईपर्यंत आपला जीव टांगणीला लागतो, असं त्यांनी यवतमाळच्या दवाखान्यात पाय ठेवताच सांगितलं.

काकाजी रात्री पीक राखायला शेतात जागलीला जात तेव्हा तर काकूंचा घरी डोळाच लागत नसे. जागल कसली, मचाणावर चढले की हे पाच मिनिटांत ढाराढूर. तरी आजवर एकही रानडुक्कर बांध ओलांडून आलं नव्हतं. याचं श्रेय काकू मारोतीला देत.

सोबत शेजारच्या शेताचा सेवादास आला होता. बाकावर तोंड पाडून बसला होता. दीपानं त्याला धीर दिला. हे काही ऑपरेशन नव्हे. डोक्याला वायरी, छातीला पट्टा, बोटाला चिमटा, गळ्याशी आवाज टिपणारं बटण, आणि मग नुसतं झोपायचं. श्वास अडकतो असं दिसलं तर मध्यरात्रीनंतर नाकावर हवेच्या मशीनचा मास्क.

"मास्क लावल्यावर घोरनं पार बंद होते काय?" सेवादासनं विचारलं.

"अगदी बंद."

त्यानं सुस्कारा सोडला. मग बोलला तो भलतंच. यंदा बोंडअळीनं कपाशी नेली, आता चार घरांची मदार तुरीवर आहे म्हणाला. बिचारा मन दुसरीकडे वळवतोय, असं दीपाला वाटलं. शेजारी असावा तर असा.

"एवढ्या वायरीत मी कायचा झोपतो," असं म्हणत काकाजी आडवे झाले आणि दिवा मालवायच्या आत सुरू झाले. खिडकीची तावदानं थरथरली. शेजारच्या खोलीत पडद्यासमोर बसलेली दीपा हसली. मग आवाज थांबला आणि तिचं हसूही थांबलं. ती सेकंद मोजू लागली. तेवीस भरले तेव्हा काकाजींनी मोठा आचका देऊन श्वास घेतला. असं रात्रभर होत राहिलं.

दोन वाजता तिनं मास्क लावला. खोली गप्प झाली. काकू दचकून उठल्या, नवऱ्याच्या छातीवर हात ठेवला. छाती संथ वरखाली होत होती. त्या रडल्या, मग स्वतःलाच हसल्या आणि खुर्चीतच गाढ झोपून गेल्या.

"पोरी, लई वर्सानं अशी सकाळ पायली," काकाजी उठल्यावर म्हणाले. चेहरा धुतल्यासारखा टवटवीत.

व्हरांड्यात काकू आणि सेवादास यांची बराच वेळ कुजबुज चालली होती. मग काकू एक पेनड्राइव्ह घेऊन आल्या.

"यांचं घोरनं यात भरून देतं का, बाई?"

"कशाला, काकू?"

"तीस वर्सं आयकलं. घर सुनं सुनं लागन."

दीपानं काकाजींकडे पाहिलं. त्यांनी मान डोलावली तसं तिनं चांगलं दोन तासांचं, त्यातलंही सगळ्यांत दणदणीत घोरणं भरून दिलं.

महिन्यानं ती काकाजींना घरी दिलेलं मास्कचं मशीन तपासायला निघाली. फोनवर काकू म्हणाल्या होत्या, "रोज लावते मास्क. लेकरासारखे झोपते." रस्त्याला लागूनच आमचं मचाण दिसेल, पुढं घर, ही खूणही त्यांनीच दिली होती.

घाटंजी गाव मागे पडलं, दिवस बुडाला आणि स्कूटीच्या फटफटाटातूनही दीपाला तो आवाज ऐकू आला. तिनं गाडी थांबवली. मचाण समोरच होतं. घोरणं तेच. मग ते थांबलं. सवयीनं ती मोजू लागली. एकवीस, बावीस, तेवीस. आचका. पुन्हा सुरू.

तिचं डोकं तापलं. म्हणजे मास्क घरी खुंटीला, आणि म्हातारा इथं जिवाशी खेळतोय. वर काकू फोनवर धडधडीत खोटं बोलल्या. शेंगांनी लगडलेल्या तुरीतून ती धावत सुटली. बांधावर डुकरांच्या खुरांचे ताजे ठसे होते. तिथवर येऊन ते आल्या वाटेनं परत फिरले होते. विचार करायला तिला सवड नव्हती. ती शिडी चढली.

"काकाजी, उठा आधी!"

मचाणावर कोणीच नव्हतं. बांबूला बांधलेला भोंगा तेवढा मनापासून घोरत होता.