शंभर टक्क्यांचं कॉलेज

"सही कर, इंदाय. तुझ्याच भल्याचं सांगतेय."

इंदाय! घरच्या लेकीला मारावी तशी हाक. डीनबाईंनी कागद पुढे सरकवला आणि त्यावर पेन अलगद ठेवलं. अख्ख्या फिलिपिन्समध्ये म्हणतात, इलोइलोची माणसं गळा कापतानाही गोडच बोलतात, आणि या बाईंच्या जिभेवर तर नुसती साखर.

रोडालिनने कागद वाचला. सरकारी नर्सिंग परीक्षेला मी या खेपेला स्वखुशीने बसत नाही, असं तिच्या नावाने टाइप करून तयार होतं. स्वखुशीने म्हणे! तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"मॅडम, मी पास झालेय. सगळी वर्षं, सगळे वॉर्ड. मला फक्त परीक्षेसाठीची गुणपत्रिका द्या. उद्या अर्ज भरायचा शेवटचा दिवस आहे."

"पास झालीस गं, नाही कोण म्हणतंय? पण आपल्या सराव परीक्षेत थोडक्यात राहिलीस ना? तिथे नापास झालीस तर केवढं मनाला लागेल तुझ्या! नोव्हेंबरात बस. तोवर आपल्याच कॉलेजचा क्लास लाव."

"आणि आत्ता बसून नापास झाले, तर कॉलेजचा शंभर टक्के निकाल जाईल. तेच ना?"

डीनबाई हसल्या. "कॉलेजचं नाव ते तुझंच नाव, वेडे."

कच्च्या पोरींना परीक्षेला बसूच द्यायचं नाही, मग निकाल शंभर टक्के लागणार नाही तर काय होणार? फाटकावर दर वर्षी त्याचा भलामोठा फलक लागतो. तो बघूनच एस्पिंगने, रोडालिनच्या आईने, मासळी विकून पोरीला इथे घातलं होतं. आत्ता ती शेजारी बसली होती, ठेवणीतला ब्लाऊज घालून. मांडीवर सुमानचा डबा. नारळाच्या दुधात शिजवलेला चिकट भात पानात गुंडाळून तिने पहाटेच केला होता, मॅडमसाठी.

"मॅडम एवढं म्हणतात तर ऐक ना गं," एस्पिंग पुटपुटली. "त्या काय तुझं वाईट चिंतणार आहेत?"

"आई, तू मध्ये बोलू नकोस!"

एस्पिंगचा चेहरा उतरला. रोडालिनला वाईट वाटलं, पण राग काही खाली येईना. याच आईने अर्जाचा पत्ता नसताना परीक्षेच्या पेन्सिली हारोच्या चर्चमध्ये नेल्या होत्या, फादरकडून पवित्र पाणी शिंपडून आणल्या होत्या, आणि अख्ख्या गल्लीला दाखवून झाल्या होत्या. आता त्या गल्लीला कुठल्या तोंडाने सांगायचं?

डीनबाई आईकडे वळल्या. आवाज आणखी खाली आणला.

"हे बघा आई, मी मुद्दाम तुम्हाला एकट्यांना आत बोलावलं. चारचौघांत पोरीची शोभा व्हायला नको. या बॅचमध्ये अशी ही एकटीच निघाली हो, बाकीच्या सगळ्या तयार आहेत. तुम्ही बाहेर कुणाकडे बोलू नका, मीही बोलणार नाही."

'एकटीच' म्हटल्यावर एस्पिंगची मान खाली गेली. तिने डबा टेबलावर ठेवला. "उपकार झाले, मॅडम."

"कसले उपकार?" रोडालिन ताडकन उठली. "माझी गुणपत्रिका दाबून बसल्यात, आणि तू सुमान काय देतेस त्यांना! मी सही करणार नाही."

"मग गुणपत्रिका मिळणार नाही, इंदाय." आवाज तसाच मधाळ. "वाटलं तर वर तक्रार कर. तिथले लोक फार चांगले आहेत, नक्की ऐकून घेतील. तोवर उद्याचा दिवस मात्र निघून जाईल."

रोडालिनला ओरडावंसं वाटलं, रडावंसं वाटलं. या बाईपुढे रडायचं नाही, एवढं तिने ठरवलं आणि सरळ जाऊन दार उघडलं.

मघाशी ती आत गेली तेव्हा बाहेरचा बाक रिकामा होता. आता त्यावर तिच्याच वर्गातल्या तिघी बसल्या होत्या. प्रत्येकीशेजारी तिची आई. एकीच्या पायाशी गिमारासच्या आंब्यांची टोपली, दुसरीच्या मांडीवर केकचा खोका. चार वर्षं एका ताटात जेवलेल्या पोरी, पण कुणी कुणाकडे बघत नव्हती. सगळ्या आपापल्या चपलांकडे बघत होत्या.

"तुम्हाला काय सांगून बोलावलंय?" रोडालिनने विचारलं.

"दार लाव, इंदाय," आतून डीनबाई म्हणाल्या. "एसी चालू आहे."

रोडालिनने दार धरून ठेवलं. "मला सांगितलं, बॅचमध्ये मी एकटीच कच्ची. तुम्हाला?"

आंबेवाली बाई आधी लेकीकडे बघत राहिली. मग लाजत म्हणाली, "आम्हाला तर... आमचीच एकटी म्हणाल्या."

"आमचीच म्हणाल्या की!" केकवाली बोलली.

तिसऱ्या आईने डोळ्यांना पदर लावावा तसा रुमाल लावला.

खोलीत खुर्ची सरकल्याचा आवाज आला. एस्पिंग उठली होती. तिने आपली खुर्ची फरफटत दारापर्यंत आणली, दार मिटू नये म्हणून मध्ये आडवी घातली, आणि बाकावरच्या बायकांना म्हणाली,

"या, आत या सगळ्या. मॅडमना काय बोलायचंय ते आता सगळ्यांदेखत बोलू देत."