चार्ज कोणाचा

"चार्ज कबूल है?" वकीलसाहेबांनी विचारलं.

"कबूल म्हंजे? मीच केला न चार्ज!" चिंधू छाती पुढे काढून म्हणाला. "एकोनीस वर्सं झाले, दुसऱ्याचा हातबी लागू देल्ला नाही. कावून? कोनी सांगतलं का मी नव्हतो म्हून?"

वकीलसाहेब समाधानाने खुर्चीत मागे रेलले. "लिखो. चार्ज अ‍ॅक्सेप्टेड."

श्यामरावांची बोटं टाइपरायटरवर थबकली.

रायपूरकडच्या खुर्सीपारला लागून असलेल्या एका खाजगी फाउंड्रीत, म्हणजे लोखंड वितळवून ओतायच्या कारखान्यात, श्यामराव कारकून होते. मालकांनी चौकशीसाठी रायपूरहून वकील आणला होता आणि सवाल-जबाब टाइप करायचं काम श्यामरावांकडे आलं होतं. समोरच्या बाकावर बसलेला चिंधू त्यांच्याच भंडाऱ्याकडचा, भट्टीवरचा जुना माणूस. त्याच्या लेखी चार्ज म्हणजे एकच गोष्ट, भट्टीत भंगार टाकणं. सकाळी पहिला चार्ज, जेवणानंतर दुसरा. घरी त्याची बायको शकुबाईसुद्धा डबा बांधताना 'आज किती चार्ज हायेत?' असं विचारायची. आरोपालाही इंग्रजीत तोच शब्द आहे, हे त्याला कोण सांगणार?

टेबलावरच्या चार्जशीटमध्ये मात्र अस्सल इंग्रजीत लिहिलं होतं की चिंधूने हलगर्जीपणाने ओलं भंगार भट्टीत टाकलं, त्यामुळे स्फोट झाला आणि केवलराम नावाच्या मजुराचे दोन्ही हात भाजले. हे कबूल केलं की चिंधूची नोकरी त्याच दिवशी संपणार होती.

श्यामरावांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या दिवशी काय झालं ते फाउंड्रीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. भंगार उघड्यावर पडून पावसात चिंब भिजलं होतं. झाकायला ताडपत्री द्या म्हणून दोन महिने अर्ज चालले होते, ते अर्जही श्यामरावांनीच टाइप केले होते. चिंधू अडून बसला होता, 'ओलं हाय सायेब, नाही टाकत.' तेव्हा भट्टीचे इनचार्जसाहेब सगळ्यांदेखत ओरडले होते, 'चार्ज मेरे पास है! डाल चुपचाप!'

तेच इनचार्जसाहेब आता वकिलाच्या शेजारी बसून चहात बिस्किट बुडवत होते. लग्नाला आल्यासारखे निवांत. आणि खरं सांगायला फाउंड्रीतून एक माणूस पुढे आला नव्हता. श्यामरावही नाही. त्यांनाही पोट होतं.

"टाइप करो भई, क्या सोच रहे हो?" वकीलसाहेब म्हणाले.

श्यामरावांनी कागद मशीनमधून ओढून काढला. "सर, इसको समझा नहीं. वो अपने काम का बोल रहा है."

"शब्द तो वही बोला ना? फिर हो गया."

"अब श्यामराव हमको इंग्लिश सिखाएँगे," असं म्हणून इनचार्जसाहेब हसले. हसले म्हणजे चांगले पोट धरून हसले.

एका माणसाची उभी हयात एका शब्दात बुडत होती आणि या लोकांना गंमत सुचत होती! शब्द यांचा आणि त्याचे अर्थही यांच्याच खिशात, हवा तेव्हा हवा तो बाहेर काढायचा. साहेबांनी घेतला की चार्ज म्हणजे खुर्ची, आणि मजुराच्या गळ्यात पडला की तोच चार्ज म्हणजे फास. श्यामरावांना इतका संताप आला की घाबरायचं राहूनच गेलं. ते उठून चिंधूजवळ गेले.

"चिंधू, हे तुले कामाचं नाही विचारून राहिले. यांचा चार्ज म्हणजे आरोप. गुन्हा. केवलरामचे हात तुह्यामुळं जळले, हे तुले कबूल हाय का, असं विचारतात."

गेले बारा दिवस चिंधू रोज दवाखान्यात जाऊन केवलरामला आपल्या हाताने भरवत होता. त्याने एकदा टेबलावरच्या कागदाकडे पाहिलं, मग इनचार्जसाहेबांकडे.

"म्हंजे या शब्दानं मानसावर गुन्हा बी टाकता येते?" त्याने सावकाश विचारलं.

"येतो न."

"फक्त सायेबालेच? का आमालेबी?"

आजवर हा प्रश्न श्यामरावांना कधी पडला नव्हता. "कोणालेही," ते म्हणाले. "तुलेही."

"ये क्या खुसुरफुसुर चल रही है?" वकीलसाहेबांनी टेबलावर हात आपटला. "श्यामराव, अपनी जगह बैठो!"

श्यामराव जागेवर जाऊन बसले आणि त्यांनी मशीनमध्ये नवा कोरा कागद चढवला. चिंधू बाकावरून उठला. एकोणीस वर्षांत ज्यांच्यासमोर मान वर केली नव्हती, त्या इनचार्जसाहेबांच्या पुढ्यात जाऊन तो ताठ उभा राहिला.

"लिहा श्यामराव," तो म्हणाला. "आजचा चार्ज या सायेबावर. टाकनारा, चिंधू."