न्यान आजींची पेटी

परदेशी पाहुण्यांना सायकलवरून गावं दाखवायची, हे माझं काम. भातशेतातल्या थडग्यांना वळसा घालून आम्ही न्यान आजींकडे चहाला थांबतो. पाहुण्यांना चहापेक्षा आवडते ती आजींची शवपेटी. आमच्याकडे म्हातारी माणसं ती आधीच करून ठेवतात. आजींची फणसाच्या लाकडाची, त्यांच्या सुतार मुलानं, थ्वाननं, स्वतः केलेली. आजी तिच्यात तांदूळ भरून ठेवायच्या.

"मी जाईपर्यंत भाडेकरू ठेवलाय," असं त्या म्हणायच्या आणि मी भाषांतर केलं की पाहुणे पोट धरून हसायचे.

पावसाळ्यात फेऱ्या बंद होत्या. काल पुन्हा गेलो तर तांदूळ चटईवर ओतलेला आणि पेटीची जागा रिकामी. आजी नेहमीसारख्या चहा ओतत होत्या.

"काय आजी, भाडेकरूला हाकललंत वाटतं?" मी विचारलं.

"थ्वानला द्यावी लागली रे," आजी म्हणाल्या. "माझ्या मापाची केली होती त्यानं. पाय दुमडावे लागले त्याचे."

पाहुणे हसायच्या तयारीत, भाषांतरासाठी माझ्या तोंडाकडे बघत होते.