उष्टं

समरकंद बघून काल गाडीने बुखाऱ्यात पोचलो. मुक्कामाच्या खोलीत शिरताच मला ती दिसली. भिंतीवर खिळ्याला टांगलेली वाळकी रोटी, तीही एका कडेने चावलेली.

"शी! उष्टं कोणी असं टांगतं?" मी ती भिजवून अंगणातल्या कोंबड्यांना घालून टाकली.

"अगं, लोकांचं घर आहे," हे म्हणाले. मी ऐकते थोडीच!

आज निघताना घरमालकीण आजीबाई गरम रोटी घेऊन गाडीपाशी आल्या. मी तुकडा मोडू लागले, तर माझा हात धरून त्यांनी रोटी थेट माझ्या तोंडाशी आणली.

"दातांनीच चावा," ड्रायव्हर मोडक्या हिंदीत म्हणाला. "निघणाऱ्याने एक घास खायचा. उरलेली रोटी तो परत येईपर्यंत टांगून ठेवतात. यांचा मुलगा अकरा वर्षांपूर्वी रशियाला कामाला गेला. त्याची रोटी तुमच्याच खोलीत आहे की!"

मी कडेचा एक घास चावला. आजीबाईंनी माझ्या गालावरून हात फिरवला आणि लेकाच्या रोटीशेजारी माझी टांगायला त्या आत वळल्या.

"निघू या," मी ड्रायव्हरला म्हटलं. "खिवा फार लांब आहे."